बियाच्या पुळणीचं पान

चाची, तुम्ही गेलात त्या दुपारी मी ग्रामपंचायतीत रहिवासी दाखले छापत बसले होते. रुखसानाचा फोन आला. तुमची सून एरवी फोनवर मोठ्याने बोलते. त्या दिवशी "मंगलताई, अम्मी गेल्या" एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मी चपला घातल्या आणि मोहल्ल्याकडे निघाले. मशिदीच्या वळणापर्यंत आले आणि परत फिरले. पुन्हा निघाले, पुन्हा वळणावर थांबले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, हिला काही सुधरत नाहीये. खरं तर तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. आज सांगू, उद्या सांगू करत मी आठ महिने काढले होते. आता ती पोटात ठेवून तुमच्या घरात बायकांमध्ये जाऊन कशी बसू, ते कळत नव्हतं.

शेवटी बसले. तुमचा चेहरा बघितला. कपाळावरची आठी गेली होती. आठीशिवाय तुम्ही मला ओळखू येईनात.

लोक अजून विचारतात, पंचायतीतल्या कॉम्प्युटरवाल्या बाईचं आणि खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या हलीमाचं एवढं काय होतं. त्यांना काय सांगू? सुरुवात तर एका नीलगाईवरून झाली.

तुम्ही मुलाच्या पासपोर्टसाठी दाखला न्यायला आला होतात. माझ्या टेबलावर जाडजूड बांधलेली वही होती. तुम्ही विचारलंत, एवढं काय लिहिलंय गो त्यात. मी सांगितलं, सरकारने आता प्रत्येक गावाला आपल्या झाडांची, माशांची, पाण्याची एक समिती करायला लावली आहे, आणि गावात काय काय आहे त्याची ही नोंदवही. पुढे कोणाला काही न्यायचं असेल तर या वहीकडे बघून गावच ठरवणार. कुठल्याशा संस्थेने ती तयार करून पाठवली होती. मला फक्त ग्रामसभेच्या मंजुरीचा कागद जोडायचा होता. तुम्ही म्हणालात, वाच बघू. मी वाचायला लागले. साग, मोह, पळस. मग प्राण्यांत नीलगाय. तुम्ही मला थांबवलंत.

"आमच्या गावात नीलगाय? भरतीला जाते खंय ती?"

मी हसले, पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिसऱ्या शोधायला लावल्यात. नव्हत्या. कालवं नव्हती. खाडीच नव्हती. चाळिसाव्या पानावर दुसऱ्याच गावाचं नाव पुसायचं राहून गेलं होतं.

त्या दिवशी उपसरपंच दीपकभाऊ आपल्याबरोबर होते, हे मला आता मुद्दाम लिहावंसं वाटतं. पुढे जे झालं त्यात हे विसरलं जातं. तालुक्याच्या कार्यालयात आपण तिघं गेलो. साहेब म्हणाले, वही वरून मंजूर झाली आहे, आता बदल होणार नाही. भाऊंनी खुर्ची ओढून तिथेच बसकण मारली आणि म्हणाले, बदल होईपर्यंत मी घरी जात नाही. चार खेपा घातल्या आपण. चौथ्या खेपेला साहेब कंटाळून म्हणाले, जा, तुमची तुम्ही लिहा. परतीच्या एसटीत भाऊंनी आपल्याला भजी खिलवली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं की समितीत हलीमाचाची पाहिजेतच. तुम्ही तोंडावर पदर घेऊन खिडकीबाहेर बघत होतात. तुम्हाला आनंद झाला होता, हे मला त्या पदरावरून कळलं.

मग ते दिवस आले, ज्यांच्यासाठी मी तुमची ऋणी आहे आणि ज्यांच्यामुळे मला आज कुठेही स्वस्थ बसवत नाही. मी देवरुखच्या वरच्या अंगाची. लग्न होऊन इथे आले त्याला पंचवीस वर्षं झाली, पण खाडीत घोट्याच्या वर पाय घातला नव्हता. तुम्ही मला गुडघाभर पाण्यात उभं केलंत. मी खाली वाकून बघायला लागले की ओरडायचात, डोळ्याने नको, पायाने बघ. तळव्याला कडक लागलं की थांबायचं. पाणी उतरलं की वाळूवर दोन दोन बारीक भोकं दिसतात, तिथे खाली तिसरी श्वास घेत असते. तुम्ही तिथीवरून पाण्याची वेळ काढायला शिकवलीत. तिथीला पाऊणने गुणायचं, येतो तो भरतीचा तास, त्याच्यापुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं आणि काम होतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड सरतच नाही आणि टोपल्या रिकाम्या. मी ते बोटांवर मोजायला शिकले. बंदरवाडीची शेवंती म्हणायची, डोंगरातली बाई आता पाण्यातली झाली. तुम्ही मोहल्ल्याच्या, ती बंदरवाडीची, पण पाण्यात तुम्हा दोघींची टोपली एकच असायची.

तुम्ही सांगायचात, मी वहीत लिहायची. कुठे कालवं आहेत, कुठल्या महिन्यात काढायची नाहीत, कुठल्या आकाराची परत टाकायची. आणि मग एक दिवस तुम्ही बोलता बोलता अडखळलात. खाडीच्या त्या वळणावरची पुळण, वाळूचा तो पट्टा, जिथे एकही बाई हात घालत नाही. सगळ्या खाडीला तिसऱ्यांचं बी तिथूनच जातं. तुमच्या सासूने तुम्हाला दाखवली, तिला तिच्या सासूने.

"हे नको लिहू गो," तुम्ही म्हणालात.

मी विचारलं का. तुम्ही म्हणालात, लिहिलास म्हणजे जो वाचील त्याची झाली ती. मी हट्टाला पेटले. मी म्हटलं, आज तुम्ही आहात म्हणून सगळ्या ऐकतात. उद्या एखाद्या नव्या सुनेने हात घातला तर तिला काय दाखवणार? सरकारी कागदावर असेल तर कोणाची छाती होणार नाही. तीन दिवस मी तुमच्यामागे लागले होते. चौथ्या दिवशी तुम्ही मला होडीतून तिथे नेलंत. मी मोबाइलवर जागेची खूण घेतली, नकाशा काढला, वर शीर्षक दिलं: बियाची पुळण. तुम्ही होडीत पाठ फिरवून बसला होतात.

पुढच्या वर्षी समितीला खरे अधिकार आले. दीपकभाऊ तिचे अध्यक्ष झाले. सत्काराच्या दिवशी ते म्हणाले, इतकी वर्षं साहेबांच्या दारात उभे राहिलो, आता गाव स्वतः सही करणार. टाळ्या झाल्या. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, गाव म्हणजे कोण गो, मला तर सही येत नाय. मी तेव्हा तो विनोद समजले.

व्यापारी आला तो पावसाळा संपल्यावर. त्याला तिसऱ्यांचं मांस हवं होतं, शिंपा चुन्यासाठी हव्या होत्या, आणि त्याच्याकडे वाळूसकट सगळं उपसणारा पंप लावलेली बोट होती. त्याने बदल्यात गावाचा मोडका धक्का बांधून द्यायचं कबूल केलं. भाऊंना तो धक्का खरोखर हवा होता. त्यांच्या चुलत्याचा पाय त्याच धक्क्यावरून घसरून मोडला होता. ते मला म्हणाले, हक्क मिळाला तो कपाटात कुलूप लावून ठेवायला नाही मिळाला, त्यातून गावाचं काहीतरी झालं पाहिजे. मला ते पटलंही होतं थोडं. मग त्यांनी ग्रामसभेची नोटीस टाईप करायला सांगितली. वार सांगितला, वेळ सांगितली, सकाळी दहा.

चाची, आता ती गोष्ट.

मी टाईप करायच्या आधी बोटांवर मोजलं. त्या दिवशी पंचमी होती. पाचाला पाऊणने गुणलं. पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमाराला सुकती. त्या पंधरवड्यातलं ते शेवटचं चांगलं पाणी, पुढे आठ दिवस भांग. आठपासून बारापर्यंत मोहल्ल्यातली आणि बंदरवाडीतली एकूण एक बाई खाडीत असणार. भाऊंनी ती वेळ मुद्दाम काढली की सहज सांगितली, मला आजही माहीत नाही. मला मात्र माहीत होतं. तुम्हीच शिकवलेल्या हिशेबाने माहीत होतं.

मी दहा वाजता असं टाईप केलं आणि बोर्डावर लावलं. पुरुषांच्या ग्रुपवर फोटो गेला. तुम्ही ठरवून ठेवलं होतंत, बोर्डावर काय लागलं ते मंगल सांगेल. मी सांगितलं नाही. माझी नेमणूक कंत्राटावरची. भाऊंनी एक शब्द वर टाकला असता तर दुसरी मुलगी आली असती. माझ्या मुलीचं शेवटचं वर्ष होतं. ही कारणं मी रोज स्वतःला सांगते. सांगून झाली की पुन्हा पहिल्यापासून सांगते.

दहाला माणसं पुरेशी जमली नाहीत. नियमाप्रमाणे सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने परत भरली, कारण तहकूब सभेला संख्येची अट नसते. बोटीला परवानगी द्यायचा ठराव झाला. ठरावाला वहीतली पानं जोडायची होती. त्यात पुळणीचंही पान होतं. त्याची झेरॉक्स मी काढली.

बोट रोज यायला लागली. तिसऱ्या दिवशी तुम्ही बायका धावत गेलात, होड्या आडव्या घातल्यात. बोट त्या दिवशी मागे गेली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने आली. तेराव्या दिवशी तुम्ही पंचायतीत आलात. साडी कमरेपर्यंत ओली. मला वाटलं आरडाओरडा कराल. तुम्ही नोंदवही मागितलीत आणि म्हणालात, पुळणीचं पान दाखव. मी बोट ठेवलं. तुम्ही त्या नकाशाकडे कितीतरी वेळ बघत राहिलात. अक्षर येत नव्हतं, पण खाडीचं वळण तुम्ही ओळखलंत.

"ह्याची झेरॉक्स बोटवाल्याला कोणी दिली?"

"कार्यालयातून गेली असेल," मी म्हटलं.

कार्यालयात त्या वेळी माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. तुम्ही मान हलवलीत आणि गेलात.

मग आपण परत तालुक्याला गेलो, या वेळी भाऊंशिवाय. तेच साहेब, तीच खुर्ची. त्यांनी शांतपणे समजावलं की हा तुमच्या गावाचा निर्णय आहे, अधिकार आता गावाकडे आहेत, वरून आम्ही त्यात पडू शकत नाही. तुम्ही म्हणालात, गावाने आम्हाला विचारलं नाय. साहेब म्हणाले, मग ते गावात बोला. मी तुमच्या शेजारी बसून होते. तिथे बोलायला हवं होतं. येताना एसटीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात आणि मी राजापूरची गाडी समोरून येईपर्यंत, मग ती निघून जाईपर्यंत, मग आपला थांबा येईपर्यंत मनात वाक्य जुळवत राहिले. तुमची झोप मोडायला नको असं मी स्वतःला सांगितलं.

गावात तुम्ही बोललात. घरोघर फिरून अंगठे आणि सह्या गोळा केल्यात, बायकांनी ठरवलेल्या वेळेला सभा बोलवायला लावलीत. भाऊंचा आवाज त्या दिवशी चढला होता. ते म्हणाले, धक्का नको असेल तर उद्या पाय मोडला तर मला विचारू नका. तुम्ही उठून म्हणालात, "दीपक, तू माज्यासाठी साहेबाच्या दारात बसला होतास. ते मी विसरले नाय. आता तू तिकडच्या खुर्चीत बसलास एवढाच." भाऊ खाली बसले. ठराव रद्द झाला, बोट गेली.

पण तुमचं काम संपलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ते पान वहीतून काढा. आणि मी, जिने तोंड उघडायचं तेव्हा उघडलं नव्हतं, ती उठून विरोधात बोलले. मी म्हटलं, पान होतं म्हणून तर आपण सभेत दाखवू शकलो की ती जागा बियाची आहे. पान काढलं तर पुढच्या व्यापाऱ्याला आपण कशाच्या आधारावर अडवणार? तुम्ही म्हणालात, पान नसतं तर त्याला जागा कळली नसती. विषय पुढच्या सभेवर गेला. त्यानंतर तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा आपलं वाजलं. तिसऱ्यांदा तुम्ही दमला होतात. दारात थांबून म्हणालात, तू मला खोटी पाडशील गो, तुला बोलता येतं. मी त्या शुक्रवारी तुमच्याकडे येणार होते. सगळं सांगणार होते, खरंच. तुम्ही बुधवारी दुपारी नमाजाला बसलात आणि उठला नाहीत.

तुम्ही गेल्याच्या दहाव्या दिवशी मी ते तुमच्या पडवीत सांगितलं. रुखसाना होती, शेवंती होती, आणखी सात-आठ जणी. तिथी, पाऊणचा हिशेब, झेरॉक्स, सगळं. रुखसानाने एकच विचारलं, अम्मीला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. तिने खाली बघितलं. शेवंती म्हणाली, "एक फोन केला असतास तर पाणी सोडून आलो असतो आम्ही." ती चिडली नव्हती. तिने चिडायला हवं होतं.

मग त्या म्हणाल्या, हे आम्हाला सांगून काय उपयोग, सभेत सांग. काल सांगितलं. सगळ्या गावासमोर उभं राहून. भाऊ अध्यक्षांच्या खुर्चीत होते. मला वाटलं ते नाकारतील. ते म्हणाले, "वेळ मी दिली होती. पाणी मलाही कळतं. तिने फक्त टाईप केली." चाची, तुमच्या मयताला त्यांनी खांदा दिला होता, तेव्हा मला ते ढोंग वाटलं होतं. आता मला कशाचीच खात्री नाही. माझं कंत्राट पुढे चालेल असं दिसत नाही. ते भाऊंमुळे नाही, माझ्या बोलण्यामुळे. ग्रामसेवकांनी तसा इशारा दिला आहे.

त्याच सभेत समितीतल्या तुमच्या जागेवर रुखसाना आली. तिचा पहिलाच विषय पानाचा. ती म्हणाली, अम्मीची इच्छा होती, पान काढायचं, पुळण पाण्यात उतरणाऱ्या बायकांनी एकमेकींना दाखवायची. कोणीतरी म्हणालं, मंगलताईंनी ते लिहिलंय, त्यांना विचारा. मी परत तेच बोलले. तुमच्या नातीला खाडी ठाऊक नाही, शेवंतीची मुलगी मुंबईत आहे. दहा वर्षांनी पायाने बघणारं कोणी उरलं नाही तर ती जागा कोणाच्या लक्षात राहणार? पंप फिरल्यापासून तिथे काय उरलंय तेही कोणाला नक्की माहीत नाही. शेवंतीला परवा नखाएवढ्या चार-पाच तिसऱ्या लागल्या, त्या तिने तिथेच परत पुरल्या, एवढंच कळलं आहे.

हात वर करायची वेळ आली. मीही केला, तुमच्या बाजूने. पटलं म्हणून नाही. मागच्या वेळी तुमच्या सगळ्यांसाठी मी एकटीने ठरवून टाकलं होतं, म्हणून. ठराव मीच टाईप केला. वहीची शिवण उसवून पान मीच सोडवलं आणि रुखसानाच्या हातात दिलं. तिने ते न वाचता घडी करून कमरेला खोचलं.

चाची, मला अजूनही वाटतं तुम्ही चुकलात. आणि हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला किती डोकं चालवलं तरी सुचत नाही.